सोबतीचा रकाना

"अर्धा तास. एक शब्दही नाही," भाचीने तिसऱ्यांदा बजावलं.

"अगं, मी काय लहान आहे?" आत्या म्हणाली. "टॉवेल घेतलास ना? आणि पायाखाली बघून चाल हं, बाळा."

बाळ बत्तीस वर्षांचं होतं आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होतं. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे भाचीचे पाय ताठ असायचे, शब्द सावकाश निघायचे. दर गुरुवारी उपचार केंद्राच्या कोमट तलावात उतरली, की पोटऱ्या सैल पडायच्या. छातीभर पाण्यात माणसाचं वजन जेमतेम तिसरा हिस्सा उरतं. आत्याच्या सूचनांचं वजन मात्र पाण्यातही तेवढंच राहायचं. "खांदे सैल! श्वास सोड! घाबरायचं नाही!" आठ वर्षं हे चाललं होतं, कारण केंद्राच्या नोंदवहीत 'सोबतीची व्यक्ती' असा एक रकाना होता आणि त्यात आत्याची सही लागायची.

आज त्या रकान्यातून सुटण्याची संधी होती. अर्ध्या तासात कुणाच्याही मदतीशिवाय पाण्यात चालत दहा आडव्या फेऱ्या मारायच्या. सोबतीच्या माणसाने तोंड उघडलं की चाचणी बाद, पुढची सहा महिन्यांनी.

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका होती. शब्द दिला म्हणजे दिला. तिने ओठ मिटले आणि बसायला जागा शोधली. बाक नुकताच धुतलेला, ओलाचिंब. कोरडी अशी एकच खुर्ची होती, काठावरच्या लोखंडी दांड्याला जोडलेली पांढरी. पायऱ्या न उतरता येणाऱ्यांना तिच्यातून पाण्यात सोडत. आत्या तिच्यात बसली. खुर्चीच्या हातावर लिहिलं होतं, 'बसल्यावर पट्टा लावावा.' नियम म्हणजे नियम. तिने पट्टा लावला. खुर्ची चालवायच्या बटणांचा डबा बुडाखाली टोचत होता, तो काढून मांडीवर घेतला आणि त्यावर आपली गच्च भरलेली पर्स ठेवली.

खुर्ची अलगद काठ सोडून पाण्यावर आली आणि खाली निघाली.

घाबरून आत्याने पर्स घट्ट आवळली. ती जितकी आवळे, तितकं बटण दाबलं जाई, आणि खुर्ची तितकी खाली जाई. काठावरून चाचणी घेणाऱ्या थेरपिस्टबाईंचं लक्ष भाचीच्या पावलांवर होतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. आत्याने हाक मारली नाही.

सातवी फेरी संपवून भाची वळली, तर समोर कमरेपर्यंत बुडालेली आत्या! पाणी पर्सला लागलं तशी आत्याने पर्स झटकन डोक्यावर धरली. पट्ट्यात अडकलेली डब्याची वायर तटकन निघाली आणि खुर्ची आणखी हातभर खाली जाऊन बंद पडली. पाणी काखेपर्यंत.

"अहो काकू! हे काय!" थेरपिस्टबाई ओरडल्या. "हाताने फिरवायचा दांडा पंपाच्या खोलीत आहे. पण पाण्यात माणूस असताना मला काठ सोडता येत नाही. सोबतीचं माणूस हजर असेल तरच..."

दोघींनीही सोबतीच्या माणसाकडे पाहिलं. ते पट्टा लावून बसलं होतं.

"मी आहे," भाची म्हणाली. "आत्याच्या सोबतीला मी आहे. तुम्ही जा."

बाई पंपाच्या खोलीकडे निघाल्या. भाची एकेक पाऊल टाकत आत्याजवळ गेली.

"आत्या, बोल ना काहीतरी!"

आत्याने मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अजून नऊ मिनिटं.

"बरं. मग ऐक. खांदे सैल सोड. श्वास सोड. घाबरायचं नाही." बोलता बोलता भाचीच्या लक्षात आलं, हे शब्द आपण कुठेतरी ऐकलेत. आत्याच्याही आलं असावं. तिने डोळे वटारले. पण खांदे सोडले. मग गुडघे आपोआप वर तरंगायला लागले.

बाई दांडा घेऊन धावत आल्या, तर आत्याने हाताने त्यांना थोपवलं आणि भाचीला खूण केली: तीन राहिल्यात, जा. भाची गेली. आठवी, नववी. दहावीला पाय लटपटला, पण तिचा तिने सावरला. काखेपर्यंत पाण्यात आणि डोक्यावर पर्स घेऊन आत्या बघत राहिली.

"वेळ संपली. दहा पूर्ण," बाई म्हणाल्या. "काकू, चला, वर घेते."

आत्याने अखेर तोंड उघडलं. "थांबा हो जरा. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा गुडघा गप्प बसलाय."

पुढच्या गुरुवारी नोंदवहीत भाचीच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'सोबतीची गरज नाही'. खाली नवीन नाव होतं आत्याचं. वय अडुसष्ट, तक्रार गुडघा. सोबतीच्या रकान्यात भाचीची सही.

आज बाक कोरडा होता. आपला तास आटपून भाची त्यावर बसली. पाण्यात आत्याने पाऊल टाकलं, ते वाकडं पडलं.

"अगं, पायाखाली..." भाचीच्या तोंडून निघालंच.

पाण्यातून आत्याने ओठांवर बोट ठेवलं.