मधल्या मापाचा कोट

थोरली फोनवर सहज बोलून गेली, "आमच्या ह्यांनी आता डिझायनर कपडेच घालायचं ठरवलंय बाई." त्यावर धाकटीही तितक्याच सहजपणे म्हणाली, "हो का? आमच्याकडे ते कधीच ठरलंय." दोघी सख्ख्या बहिणी. एकमेकींवर जीव टाकणाऱ्या, आणि म्हणूनच एकमेकींपुढे माघार न घेणाऱ्या. ज्यांनी हे ठरवलं होतं त्या दोन नवऱ्यांना आपला निर्णय संध्याकाळी घरी आल्यावर समजला.

धाकटीचा नवरा पाणीपुरवठा कचेरीत कारकून होता. (नळाला पाणी का नाही, याची उत्तरं देणं हे त्याचं काम. उत्तर एकच होतं, पण ते द्यायला माणूस लागतो.) त्याच्याकडचा सगळ्यात भारी कपडा म्हणजे कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. तरीही बायकोने मोठ्या आशेने विचारलं, "घ्याल ना हो एखादा कोट? ताईपुढे माझी मान खाली जाईल नाहीतर." आणि कारकुनाच्या तोंडून, ज्या तोंडाने दिवसभर 'होणार नाही' म्हणायचं असतं त्याच तोंडून, निघून गेलं, "घेऊ की! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी तो शहरातल्या त्या बड्या दुकानाच्या काचेसमोर उभा होता. आत माल कमी आणि दिवे जास्त. काचेमागे एक निळा कोट, त्याच्या छातीवर सोनेरी दोऱ्याने भरलेला इवलासा खेकडा. किमतीची चिठ्ठी त्याने आधी एकदा वाचली, मग आपल्याला फोन नंबर दिसतोय की काय म्हणून पुन्हा वाचली. तेवढ्यात शेजारून कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. पाहतो तर साडू! थोरलीचा नवरा, म्हणजे आपले चष्मेवाले. चष्म्याच्या दुकानाचे मालक, अंगाने चांगले भरलेले. खुर्चीवरून उठले की खुर्ची थोडं अंतर त्यांच्यासोबत यायची.

"तुम्हीही?" कारकून म्हणाला.

"मी काय ठरवलंय ते काल मला बायकोने सांगितलं," चष्मेवाले म्हणाले.

दोघे काही वेळ त्या खेकड्याकडे नुसते बघत राहिले. कोटाची किंमत सेलमुळे निम्म्यावर आली होती, म्हणजे आता तो फक्त निम्मा परवडण्यासारखा नव्हता. कारकुनाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. (ही गोष्ट क्वचित घडे, आणि घडली की कोणाचं तरी नुकसान होई.)

"साडूभाऊ, निम्म्याचं निम्मं मला हप्त्यांनी जमेल. तुम्हाला?"

"ओढाताण होईल, पण जमेल. कोट मात्र एकच होईल."

"एका वेळी अंगावर किती घालतो आपण?"

असा बिनतोड युक्तिवाद झाल्यावर दोघे आत गेले. विक्रेत्याने अदबीने विचारलं, "कोणासाठी पाहिजे?" दोघे एकदम म्हणाले, "दोघांसाठी." विक्रेत्याने आधी कारकुनाच्या बरगड्यांकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांच्या पोटाकडे, आणि माप घ्यायची टेप खिशात ठेवून दिली. चष्मेवाल्यांच्या मापाचा घेतला तर कारकुनावर अन्याय, कारकुनाच्या मापाचा घेतला तर चष्मेवाल्यांवर. शेवटी कारकुनाने दोन्ही मापांची बेरीज केली, तिला दोनने भागलं आणि न्याय झाला. कोट दोघांपैकी कोणालाही बसत नव्हता, पण सारख्याच प्रमाणात बसत नव्हता.

मग अटी ठरल्या. एक आठवडा ह्यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. डावा खिसा कारकुनाचा, उजवा चष्मेवाल्यांचा. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही. कोटाची देवघेव चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत व्हायची. त्यासाठी कारकून इतक्या वेळा डोळे तपासून घेऊ लागला की बायको काळजीत पडली आणि तिने त्याला रोज गाजरं खायला घालायला सुरुवात केली. बायकांना अर्थातच यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दोघींच्या हिशेबी घरटी एक असे दोन कोट होते.

कोट प्रथम घरी आला त्या संध्याकाळी धाकटीने कारकुनाला दिव्याखाली उभं करून त्याचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. उत्तर यायला बराच वेळ लागला. "ताईला काही सुचेना बघा!" ती म्हणाली, आणि लग्नानंतर आजवर कधी पाहिलं नसेल अशा कौतुकाने तिने नवऱ्याकडे पाहिलं. कारकुनाला फार बरं वाटलं. त्या एका नजरेसाठी तो उरलेलं आयुष्य गाजरं खायला तयार झाला.

पुढच्या आठवड्यात थोरलीनेही आपल्या ह्यांचा तसाच फोटो पाठवला. पण फोटो पुन्हा पुन्हा पाहिले की माणसं विचार करायला लागतात.

"तुमच्या ह्यांना कोट जरा सैल होत नाही का गं?" थोरलीने फोनवर विचारलं.

"सैलचीच फॅशन आहे. पण भावोजींना घट्टच होतो की!"

"फिटिंगची फॅशन आहे."

मग थोरलीच ओरडली, "अगं, दुकानात अदलाबदल झालीय! आमच्या ह्यांचा तुमच्याकडे आलाय आणि तुमच्या ह्यांचा आमच्याकडे! बाबांच्या वाढदिवसाला दोघे येणारच आहेत. तिथेच बदलून घेऊ."

बाबा म्हणजे सासरे, वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. नोकरीभर त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून पाहिले होते. अजूनही समोर कोणी बसला की तो वजनाला बरोबर आहे की नाही असं बघत. वाढदिवस पंचाहत्तरावा, त्यामुळे आजारी पडण्याची सोय नव्हती.

ठरल्याप्रमाणे कारकून कोट घालून आला. चष्मेवाले पिशवी घेऊन आले. "इस्त्री मोडेल म्हणून घातला नाही," ते म्हणाले. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं होती, तीही नीट घडी घातलेली. बहिणींनी दोघांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "आत जा आणि बदलून या," असा हुकूम सुटला.

आतल्या खोलीचं दार लागलं.

"आता?" कारकून कुजबुजला.

"आधी मी जातो," चष्मेवाले म्हणाले. कोट अंगात चढवून, श्वास रोखून ते बाहेर गेले. बटणं काजांपासून वीतभर लांब होती.

"बघ! आता कसा ऐसपैस झाला!" थोरलीचा आवाज आला. चष्मेवाले "इस्त्री मोडेल, काढून ठेवतो" म्हणत आत पळाले, आणि पाठोपाठ तोच कोट घालून कारकून बाहेर आला. बाह्या नखांपर्यंत पोचल्या होत्या.

"अंगासरसा बसलाय अगदी!" धाकटी हरखून म्हणाली. "तरी मी म्हणतच होते, माप चुकलंय!"

माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं, हे चष्म्याच्या धंद्यात केस पांढरे करूनही चष्मेवाल्यांना त्या दिवशी दाराच्या फटीतून कळलं.

सासरे आरामखुर्चीत बसून हे सगळं बघत होते. ते उठले. "काय एवढं आहे त्या कोटात, बघू तरी. जरा काढा, जावईबापू." नाही म्हणायची सोय नव्हती. कारकुनाने कोट काढून दिला. सासऱ्यांनी तो घातला.

कोट त्यांना बसला. नुसता बसला नाही, शिंप्याने अंगावरच शिवावा तसा बसला. खांदे जागच्या जागी, बाह्या मनगटाला, बटणं आपणहून काजात जायला तयार. दोन जावयांची बेरीज भागिले दोन केली की सासरा येतो, हे गणित कोणालाच माहीत नव्हतं. जन्मभर कचेरीचा एकच तपकिरी कोट वापरलेला तो माणूस आरशासमोर ताठ उभा राहिला. त्याने छातीवरच्या खेकड्यावरून बोट फिरवलं आणि तो हळूच म्हणाला, "ही असती तर हसली असती मला."

कारकून एक पाऊल पुढे झाला. त्या पावलात निम्मं प्रेम होतं आणि निम्मी भीती, पण आवाज खरा निघाला. "बाबा, राहू द्या तो. तुम्हालाच."

धाकटीचे डोळे भरून आले. तिने बहिणीकडे असं पाहिलं की थोरलीला ते सोसवेना. ती दाराशी जाऊन म्हणाली, "अहो, ऐकलंत का? तुमचाही कोट आणा बाहेर. बाबांना देऊन टाकू, दोन होतील!"

आतून वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज आला.

सासऱ्यांनी फोटोसाठी ऐटीत दोन्ही हात खिशात घातले होते. ते थबकले. डावा हात बाहेर आला, त्यात कारकुनाचं फोटो चिकटवलेलं कचेरीचं ओळखपत्र होतं. उजवा हात बाहेर आला, त्यात चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस आणि पित्ताच्या गोळ्या होत्या. निरीक्षकांनी दोन्ही हात तराजूसारखे समोर धरले आणि आधी कारकुनाकडे, मग बंद दाराकडे पाहिलं.

"थोरले," ते शांतपणे म्हणाले, "त्यांना म्हणावं, या बाहेर तसेच. त्यांचा कोट मी आधीच घातलाय."

फोटो निघाला. मध्ये कोट घालून सासरे, बाजूला शर्टावर दोन जावई. त्यात हसणारे सासरे एकटेच आहेत.

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. कारकून ओळखपत्र हातात घेऊन बसला होता. ती नजर आता पुन्हा मिळायची नाही, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं गेलं होतं, आणि हप्ते अजून चालू होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "म्हणजे आपला निम्माच होता."

"हो."

"आणि ताईचाही निम्माच?"

"अगदी बरोबर निम्मा. एक पैसा जास्त नाही."

तिचा चेहरा जरा सैलावला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. कारकुनाच्या जिवात जीव आला. आता थोडं हसावं असं त्याला वाटू लागलं.

"तुमचा खिसा कुठला होता म्हणालात?"

"डावा."

"आणि तो खेकडा कुठल्या बाजूला होता?"

कारकुनाने क्षणभर डोळे मिटून कोट आठवला. "उजव्या."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. "वाटलंच मला," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.