पाटीमागची अंबाडी

वॉल्टरने हातोड्याचा शेवटचा ठोका मारला आणि पाटी त्याच्या हिरवळीत घट्ट बसली. इतका वेळ ती मागून धरून उभा असलेला ज्ञानदेव गजभिये समोर आला आणि त्याने पाटी नीट पाहिली. वर ठळक अक्षरांत 'नोव्हेंबर १९८६: नो!' असं होतं. खाली एका हिरव्या पानाचं चित्र, त्यावर लाल फुली. पाच बोटांचं पान, कडा करवतीसारख्या. हे पान त्याने कालच भाकरीबरोबर खाल्लं होतं.

"हाच तो गांजा, डॅन," वॉल्टर म्हणाला. ज्ञानदेव हे नाव या शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी कापून लहान केलं होतं, आणि ज्ञानदेवने ते कापू दिलं होतं. "नोव्हेंबरात अख्खं ऑरेगन राज्य मत देणार. घरी लावा, घरी ओढा, पोलीस विचारणार नाहीत म्हणे! माझ्या शेजारात कुणी एक रोप लावू दे, मी स्वतः शेरिफला फोन करतो."

"करायलाच पाहिजे," ज्ञानदेव म्हणाला. आवाज कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्याच्या मागच्या अंगणात, कुंपणाला लागून, अंबाडी पुरुषभर उंच उभी होती. बायकोने, संघमित्राने, उमरेडहून बी रुमालात बांधून आणलं होतं. आणि येत्या शुक्रवारी ज्ञानदेवची अमेरिकन सिटिझनशिपची मुलाखत होती. नागपूरच्या वस्तीतून स्कॉलरशिपवर शिकत इथपर्यंत आलेला माणूस तो. पोलीस दारात येतात आणि चांगल्या घरांतली माणसं पडदा बाजूला करून बघतात, हे त्याने लहानपणीच पोटभर पाहिलं होतं. निर्दोष असणं वेगळं आणि निर्दोष ठरणं वेगळं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"उपटून टाक सगळी!" घरात शिरता शिरता तो ओरडला.

"काहून?" संघमित्रा लसूण सोलत होती.

"गांजासारखी दिसते ती!"

"दिसू द्या. उद्या मी कुणासारखी दिसली, तर मलेही उपटाल का?"

त्याने शैलेंद्रला फोन लावला. शैलेंद्र वर्षभरापूर्वी सिटिझन झाला होता, आणि तेव्हापासून बीव्हरटनमधल्या तमाम मराठी माणसांचा फुकट वकील झाला होता.

"अंबाडी? आमच्याकडे नाही करत यार ती भाजी," तो आधी म्हणाला. हे 'आमच्याकडे' समुद्र ओलांडून आलं होतं. त्याला व्हिसा लागला नव्हता. "ऐक. गार्बेजमध्ये टाकू नकोस, पोलीस आधी गार्बेजच चेक करतात. जाळू तर बिलकुल नकोस, धूर गावभर जाईल. टॉयलेटमध्ये फ्लश कर."

"माझ्याएवढी झाडं फ्लश करू?"

"मग लायब्ररीत जा. बॉटनीचं पुस्तक आण, शास्त्रीय नाव दाखव. सायन्सपुढे कुणाचं काही चालत नाही."

ज्ञानदेव लायब्ररीत गेला. जाडजूड पुस्तकात अंबाडी सापडली, चित्रासकट. खाली शास्त्रीय नाव होतं: हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी. विज्ञानानेच त्याच्या भाजीच्या गळ्यात ही पाटी अडकवून ठेवली होती. त्याने पुस्तक इतक्या जोरात मिटलं की लायब्रेरियन बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तो घाम पुसत बाहेर पडला.

आता एकच वाट उरली होती. पुरावा खाऊन टाकायचा.

संघमित्राने पानं खुडली. तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून भाजी शिजवली, वरून लसणाची फोडणी. रात्री भाजी, सकाळी भाजी, ऑफिसच्या डब्यात भाजी. आंबटाने ज्ञानदेवचे दात आंबायला लागले, तरी पानं संपेनात. शेवटी उरलेली पानं तिने गराजमध्ये वर्तमानपत्रावर वाळत घातली. ऑफिसातून आल्यावर ज्ञानदेवने गराजचं दार उघडलं आणि तो जागेवर थिजला. एकीकडे वाळलेल्या हिरव्या पानांचा ढीग. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्यांशेजारी वजनकाटा.

"हे काय मांडलंस?"

"तुमच्या मित्रांना सारखे वाटे करून देते. कुणाला कमी-जास्त नको," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात वॉल्टर. टोपी हातात, मान खाली. "डॅन, तुझ्या मागच्या अंगणात काय आहे ते मला माहीत आहे."

"भाजी आहे!"

"हो, हो. भाजी." वॉल्टरने डोळा मारला, पण त्याच डोळ्यात पाणी आलं. "माझ्या बायकोची, डोरोथीची केमोथेरपी चालू आहे. पोटात काही राहत नाही रे तिच्या. घोटभर सूपसुद्धा नाही. नर्स हळूच म्हणाली, त्या पानाने मळमळ थांबते. मी पाटीवाला माणूस. कुणाकडे मागू?"

संघमित्रा स्वयंपाकघरातून वाडगा घेऊन आली आणि तिने आपल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "ही भाजी आहे. नुसती भाजी. आंबट आहे. भाताबरोबर द्या."

"समजलं. भाजी." वॉल्टरने तिलाही डोळा मारला. तिने उलट मारला नाही.

"अरे, हे काय केलंस!" शैलेंद्र फोनवर किंचाळला. "नकली ड्रग देणं हासुद्धा क्राइम आहे!"

"म्हणजे गांजा असला तरी गुन्हा आणि नसला तरी गुन्हा?"

"त्यालाच लॉ म्हणतात यार."

शुक्रवारी मुलाखतीत ज्ञानदेवने राज्यघटनेची सगळी उत्तरं घडाघडा दिली. मग अधिकाऱ्याने कागदावरून नजर न उचलता विचारलं, "कधी अंमली पदार्थ कुणाला पुरवले आहेत?"

ज्ञानदेवच्या डोळ्यांपुढे वाडगा आला. "भाजी धरायची का?"

अधिकाऱ्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "हो किंवा नाही, मिस्टर गजभिये."

"नाही!" तो एवढ्याने ओरडला की बाहेर बसलेला एक म्हातारा उभा राहिला. शिक्का पडला.

घरी आला तर शेजारच्या ओसरीवर डोरोथी उन्हात बसलेली, मांडीवर वाडगा. कशानेही न उघडलेलं तिचं तोंड त्या आंबटाने उघडलं होतं. वॉल्टरने कुंपणावरून अंगठा दाखवला. ज्ञानदेव मान खाली घालून घरात पळाला.

ऑक्टोबरात त्याने शपथ घेतली, आणि नोव्हेंबरात वॉल्टर त्याला आपल्या गाडीतून पहिल्या मतदानाला घेऊन गेला. आयुष्यात विडीलाही हात न लावलेल्या ज्ञानदेवने पडद्याआड घाम पुसत गांजाच्या बाजूने मत दिलं. सगळ्यांच्या अंगणात ते पान उगवलं, म्हणजे आपल्या कुंपणाकडे कुणी बघणार नाही, असा त्याचा साधा हिशेब होता.

परत येताना वॉल्टरने गाडीच्या काचा वर केल्या. "डॅन, कुणाला सांगू नकोस. मी 'येस' दिलं. डोरोथीसाठी. तू?"

ज्ञानदेवला खरं सांगायचं होतं. पण बोलली ती त्याची जुनी भीती. "मी? छे! नो! लॉ म्हणजे लॉ!"

"बरोबर केलंस," वॉल्टर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गांजाचा ठराव सपाटून पडला. वॉल्टरचे मित्र त्याच्या हिरवळीवर जमून ओरडले, त्यांच्यात तोही हात वर करून ओरडला. खिडकीआडून ते बघताना ज्ञानदेवने बायकोला सगळं सांगून टाकलं.

"दोघंही 'हो' म्हणून आले आणि दोघंही तोंड लपवत फिरता," संघमित्रा म्हणाली. उरलेलं बी ती पुन्हा रुमालात बांधत होती.

"पुढच्या वर्षी आपल्या अंगणात नको गं, पाया पडतो."

"नाहीच लावत. डोरोथीशी बोलणं झालंय माझं. त्यांच्या अंगणात लावते, पाटीच्या मागे." तिने रुमालाची गाठ घट्ट ओढली. "पाटी तेवढी काढू नका म्हणून सांगितलंय."