किटलीत कान घालणारा दामू

आमच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी दामू रोज सकाळी मेलेल्या माणसांचं मत घेतो. थट्टा नाही. संस्थेत भिंतीला एक फळी आहे. जे जे संचालक वारले त्यांच्या दुधाच्या किटल्या तिच्यावर मांडल्यात. प्रत्येकीवर नाव कोरलेलं. दूध घालून माणसं पांगली, की दामू एकेकीचं झाकण काढतो, आत तोंड घालून विचारतो, "काल काय बदललं?" मग कान लावतो. मान डोलावतो. झाकण लावून पुढच्या किटलीकडे.

आमचं गाव राजूरच्या वरच्या अंगाला. सकाळचं धुकं न विचारता दारातून आत येतं. त्यात दामूची नुसती पाठ दिसते, आणि रिकाम्या किटलीतून हुंऽऽ असा आवाज येतो. वारा असेल. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, मला काय कळतंय. पण वारा पडलेला असतो तेव्हाही येतो.

हे खूळ त्याला तालुक्याच्या ट्रेनिंगात लागलं. तिथं एका साहेबानं सांगितलं, संस्थेचं धोरण म्हणजे वर्षातून एकदा ठरवून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, ते रोज बघायचं, रोज दुरुस्त करायचं. बाकीचे सेक्रेटरी जेवणाची वाट बघत होते. ह्यानं एकट्यानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून भेटेल त्याला एकच सवाल, "काल काय बदललं?" कुणाची गाय आटली, कुणाचा पोरगा पुण्याला गेला, कुणी जनावरांसाठी घास पेरला, सगळं धोरणात. आज ठरवलेलं उद्या पुन्हा काढायचं.

चेअरमन एकदा कावला. "दामू, एकदाचं काय ते ठरव की बाबा!"

दामू म्हणाला, "चुलीवर दूध ठिवलंय चेअरमन. एकदा बघून गावाला जाता का तुमी?"

माझी कौसा संस्थेत महिलांच्या जागेवर संचालक होती. तिच्या दहाव्याला दामू नदीवर आला, माझ्याशेजारी उकिडवा बसला, आणि म्हणाला, "भाऊ, काल काय बदललं?"

"बायको मेली मुडद्या, दिसंना का तुला?"

"ते मागंच झालं. काल काय?"

मला हात उचलावासा वाटला. पण तोंडातून निघून गेलं, "काल भूक लागली. पयल्यांदा."

त्यानं मान डोलावली आणि कौसाची किटली मागितली. "वहिनीचं मत लागतं मला," म्हणाला. दिली. घरात ठेवून तिच्याकडं बघवत नव्हतंच.

पुढं खाली बाजाराच्या रस्त्याला एका खाजगी दूधवाल्यानं सेंटर टाकलं. आमचं दूध तिकडं वळायला लागलं. चेअरमननं सगळ्या सभासदांची मीटिंग घेतली. म्हणाला, "खर्च कमी करा. वरच्या वाडीला टेम्पो परवडत न्हाई. चार म्हातारी मानसं, तांब्याभर दूध. बंद."

त्या वाडीत मी राहतो. टेम्पो बंद झाला तर मला काही दूध डोक्यावर घेऊन घाट उतरवत नाही. म्हणजे तांबडी गाय विकायची. तांबडी कौसानं वासरापासून वाढवलेली. अजून संध्याकाळी ती मान वर करून दाराकडं बघते, कौसा हाक मारायची त्या वेळेला. तांबडी गेली की कौसाची हाक ओळखणारं घरात दुसरं कुणी नाही.

दामू उठला. "वहिनीला इचारलं न्हाई अजून."

चेअरमन हसला. "इचार की! कोरम पुरा व्हईल."

दामूनं कौसाच्या किटलीचं झाकण काढलं. विचारलं. लई वेळ कान लावून उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी म्हनत्यात, आज वाडी सोडली तर उद्या खाजगीवाला तितं टेम्पो घालंल. वाडीचा रस्ता त्याला सापडला, की मधली समदी घरं त्याची."

"आनखी काय म्हनत्यात?" चेअरमनला अजून हसू आवरत नव्हतं.

"भाऊंनी काल तांबडीला शिळी भाकर घातली. तिला सोसत न्हाई, घालू नका म्हनत्यात."

मी उठून उभाच राहिलो. भाकर मी गोठ्याच्या मागं घातली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. आणि तांबडी पोट फुगवून रात्रभर उभी होती.

चेअरमननं माझं तोंड बघितलं. तेवढ्यात उघड्या किटलीतून हुंऽऽ झालं. त्याचं हसू गेलं. "उद्या बघू," म्हणाला, आणि दुसऱ्याच्याच चपला घालून निघून गेला.

दामूच्या संस्थेत उद्याचं परवा होतं आणि परवाचं पुन्हा उद्या. धोरण चालू आहे, म्हणून टेम्पोही चालू आहे.

मी त्याला दारातच गाठलं. "माझी बायको तुझ्याशी बोलती, आन माझ्याशी न्हाई व्हय रं?"

"तुमी इचारता का?" एवढंच म्हणाला आणि कॅन धुवायला गेला.

म्हणून आता मीच टेम्पोत बसून खाली जातो. परवा जरा लवकर पोचलो, माणसं यायची होती. धुकं होतं. दामू फळीच्या पार टोकाला उभा होता. तिथं एक कोरी करकरीत किटली होती, ती मी आधी कधी नीट बघितली नव्हती. त्याच्याकडं ना गाय, ना म्हैस, ना घरात दुसरं माणूस. तरी किटलीवर नाव कोरलेलं, त्याचंच.

त्यानं झाकण काढलं. "दामू, काल काय बदललं?"

कान लावला. लई वेळ लावला. मान काही डोलावली नाही. किटलीतून आवाजही आला नाही. झाकण लावून तो मागच्या नळावर गेला. मी आल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

मी कौसाशी बोलायला आलो होतो. पण आधी टोकाला गेलो. दामूच्या किटलीचं झाकण काढलं. आत नुसता गारठा. धोरणाचं मला काय विचारता येणार? तोंड खाली घातलं आणि म्हणालो, "दामू, चहा घेतो का रं?"

नळाचं पाणी थांबलं.

"घेतो," आवाज आला.

कुठून आला ते शोधत बसलो नाही. संस्थेच्या स्टोव्हवर चहा टाकला.