कुलूपसाहेबांचा होकार

कुलूपसाहेबांना ताप भरला, आणि तो उतरवायची परवानगी देणारे एकटे तेच होते, ही खरी पंचाईत झाली.

साहेब म्हणजे इस्पितळातले जंतुसंसर्गाचे मोठे डॉक्टर. जबर अँटिबायोटिकं त्यांनी कुलपात ठेवायला लावली होती. त्यांनी फोनवर 'हो' म्हटल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. उठसूट ती औषधं दिली की जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेला काहीच लागू पडत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण माणूस भलता तिरसट! न विचारता डोस देणाऱ्या एका डॉक्टरला त्यांनी भर वॉर्डात असं सोलून काढलं, की तेव्हापासून लोक पाणी प्यायचं तरी त्यांना विचारत. प्रयोगशाळेतलं झटपट निदानाचं नवं यंत्रही त्यांच्याच धाकात. रक्तात कोणता जंतू वाढलाय, कोणत्या औषधाला तो दाद देत नाही, हे ते तासाभरात सांगे. पण कळवायचं आधी साहेबांना.

अशा माणसाच्याच रक्तात जंतू शिरले. रात्री त्यांना त्यांच्याच इस्पितळात दाखल केलं, ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने रक्त तपासायला पाठवलं आणि साधं अँटिबायोटिक चालू केलं. आणि वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, त्यांचा फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"जन्मभर लोकांनी छळलं," त्या नर्सला म्हणाल्या. "आज तरी झोपू दे शांत."

रात्रभरात रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढले, आणि सकाळी यंत्राने उत्तर दिलं. तंत्रज्ञाने साहेबांना फोन लावला. बंद. त्याने चहा घेतला, पुन्हा लावला. बंद. इकडे साहेबांचं ब्लडप्रेशर घसरायला लागलं, तसा तरुण डॉक्टर औषधं देणाऱ्या फार्मासिस्टकडे धावला.

"कुलपातलं द्या, लवकर!"

"साहेबांचा फोन लागत नाहीये."

"अहो, साहेबच तर पेशंट आहेत!"

"मग तर विचारायलाच हवं. उठल्यावर मला कच्चा खातील."

"उठले तर!"

शेवटी फार्मासिस्ट औषधाची कुलूपबंद पेटी आणि किल्ली घेऊन, तंत्रज्ञ रिपोर्ट घेऊन, आणि पुढे डॉक्टर, असे तिघेही साहेबांच्या खोलीच्या दारात जमले. वहिनी ओठांवर बोट ठेवून बाहेर आल्या.

"हळू बोला हो. आत्ताच डोळा लागलाय."

"डोळा लागला नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाला. "त्यांची शुद्ध हरपतेय."

"आणि ते साधं औषध या जंतूवर चालतच नाही," तंत्रज्ञ चाचरत म्हणाला. "सकाळपासून हेच सांगायला फोन करतोय."

वहिनींनी पर्स छातीशी घट्ट धरली.

फार्मासिस्ट साहेबांच्या कानाशी वाकला. "साहेब, कुलपातलं देऊ?"

डोळे मिटलेले, अंग भाजतंय, आणि आवाज मात्र खणखणीत: "नाही!"

तिघेही सवयीने एक पाऊल मागे सरले.

"अरे, मागे काय सरताय, मेल्यांनो!" वहिनी किंचाळल्या. "मला बघायला आले तेव्हाही आधी नाहीच म्हणाले होते! द्या ते औषध!"

औषध शिरेतून गेलं. ताप हळूहळू उतरला, जीव वाचला. पण तोवर किडन्यांनी मान टाकली होती.

काही दिवसांनी साहेब बोलण्याइतके शुद्धीवर आले, तेव्हा उशाशी डायलिसिसचं यंत्र घरघरत होतं. ते पाहून त्यांनी विचारलं,

"एवढा उशीर का केलात?"

"फोन मी बंद केला होता हो," म्हणत वहिनी रडायलाच लागल्या.

"तुमच्या होकारासाठी थांबलो, सर," डॉक्टर पुटपुटला.

"गाढवा! पेशंट कोसळत असेल तर पहिला डोस आधी द्यायचा, मग विचारायचं. मीच केलाय तो नियम. वाचला नव्हतास?"

"पाठ आहे, सर. पण भीती नियमाची नव्हती, तुमची होती."