कासममास्तरांची चालती तबकडी

कासममास्तरांना बसून क्लॅरिनेट वाजवता येत नसे. उभं राहूनही येत नसे. त्यांना फक्त चालत वाजवता येई.

भूममध्ये आमची घरं समोरासमोर होती. सकाळी मास्तर दाराबाहेर पडत, क्लॅरिनेट ओठाला लावत आणि वाजवत वाजवत गल्लीच्या टोकाच्या विहिरीपर्यंत जात. विहिरीला वळसा घालून वाजवत परत येत. हा त्यांचा रियाज. दारात उभं राहून वाजवा म्हटलं की त्यांची बोटं भोकांवर चिकटून बसत. "म्या काय भिंतीवरचं घड्याळ हाय व्हय, एका जागी लटकून वाजायला?" असं ते म्हणत.

त्यांची बँड पार्टी होती. लग्नसराईत भूमपासून ईटपर्यंत, कधीकधी पार तामलवाडीपर्यंत त्यांना बोलावणं असे. वरात म्हणजे चालणंच, त्यामुळे धंद्यात काही अडत नसे. "चलते रैना" हे त्यांचं पालुपद. नवरदेवाचं घोडं अडलं तरी "चलते रैना", वाढप्यानं पंगतीत थांबवलं तरी "चलते रैना".

मी बी. ए. होऊन गावी आलो, तेव्हा मास्तर सगळा बँड घेऊन एसटी स्टँडवर हजर होते. माझे वडील बाजारात दोरखंड विकत. आमच्या घरात त्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मला लाजेनं घाम फुटला. हातात पत्र्याची ट्रंक, पुढे क्लॅरिनेट, मागे ताशा. आमचं दार आलं, आई ओवाळायला तबक घेऊन उभी होती. पण मास्तरांचं भजन संपलेलं नव्हतं, त्यामुळे वरात दारावरून तशीच पुढे गेली. विहिरीला वळसा घालून आम्ही परत आलो, तेव्हा कुठं आईला ओवाळता आलं. त्या दिवसापासून त्यांनी मला "बीएसाहेब" केलं. मी हायस्कुलात शिकवायला लागलो, तरी गल्लीत मास्तर म्हणजे तेच.

पण खरी गंमत त्यांच्या तबकडीची.

एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मास्तरांनी वाजवलेलं भजन पाहुण्यांतल्या एकाला फार आवडलं. तो मुंबईत ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत कामाला होता. नवरात्रासाठी कंपनीला भक्तीचं वाद्यसंगीत हवं होतं. मास्तर पार्टी घेऊन मुंबईला गेले. एका बाजूला देवीचं भजन, दुसऱ्या बाजूला पिराच्या उरुसात वाजवतात ती चाल, असं ठरलं. "दोन्ही बाजू देवाच्याच," मास्तर म्हणत, "हिकडून लावा न्हायतर तिकडून."

तिथं खोलीच्या मधोमध माइक. कंपनीचे साहेब म्हणाले, इथं उभं राहा आणि वाजवा. मास्तरांची बोटं चिकटली. सूरच निघेना. मग सवयीनं त्यांनी पाय उचलला आणि सूर निघाला. मास्तर भिंतीकडे निघाले, तसे ढोलवाला लक्ष्मण आणि ताशावाला त्यांच्या पाठीमागे निघाले. त्या दोघांनी आयुष्यभर मास्तरांची पाठ बघतच वाजवलं होतं. साहेबांनी ओरडून थांबवलं. खडूनं वर्तुळ काढलं, तर मास्तर त्याच्या कडेकडेनं फिरायला लागले. शेवटी साहेब कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, "चाला बाबा, काय चालायचं ते चाला."

त्यामुळे त्या तबकडीवर भजन माइकजवळ सुरू होतं, हळूहळू लांब जातं, अगदी पुसट होतं आणि पुन्हा जवळ येतं. कंपनीनं पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

भूमच्या बाजाराच्या दिवशी किसनच्या हॉटेलात ती पहिल्यांदा लागली, तेव्हा चहा पिणारी माणसं बशा हातात धरून रस्त्याकडे बघायला लागली. वरात कुठून येते म्हणून.

किसन मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुमचा देव मधीच तंबाखू थुंकायला भायेर जातो का?"

सगळं हॉटेल हसलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "किसन, देव काय तुज्या गल्ल्यावर बसल्यागत एका जागी बसतो व्हय? कुणी दुसऱ्यानं हाक मारली की तिकडं जातो. परत येतो ना? मग झालं."

मास्तरांना तबकडीचा गर्व आहे, असं सगळी गल्ली मानत असे. मीही मानत असे. कारण ते परगावी वाजवायला निघाले की मला बजावून जात, "बीएसाहेब, दिवेलागणीला आपली प्लेट लावायची. सुई हलक्या हातानं. शिकलेल्या माणसाचं काम हाय." गावात नसतानाही गल्लीनं आपलंच ऐकावं, ही हौस मला जरा जास्तच वाटे. पण ज्या माणसानं मला वाजतगाजत घरी आणलं, त्याला नाही कसं म्हणणार? मी त्यांच्या घरी जाई आणि ग्रामोफोनवर प्लेट लावी.

घरात त्यांच्या पत्नी, कासमचाची, खाटेवर असत. लग्नानंतर काही वर्षांनी ताप आला आणि कमरेखालचं अंग गेलं. मूलबाळ नव्हतं. मास्तर नसले की माझी आई त्यांचं सगळं बघे. चाची जिभेनं मात्र खणखणीत होत्या. मी चावी फिरवायला लागलो की म्हणत, "दमानं, बीएसाहेब. ते पाणी शेंदायचं रहाट न्हाय."

एकदा मास्तर ईटच्या लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायचे होते, आले नाहीत. ऊन कलताना किसन धावत आमच्या दारात आला. धाप आवरून हळू आवाजात म्हणाला, "ईटच्या वाटंवर बँडवाल्यांचा ट्रक ओढ्यात उलटला म्हनं. कोन वाचलं, कोन न्हाय, काय कळंना."

आई मटकन खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "तिला सांगू नको. नक्की कळंपर्यंत एक शब्द बोलू नको. जा, तिची प्लेट लाव."

किसन सायकल काढून ईटच्या वाटेला गेला. मी चाचींकडे गेलो. चावी फिरवली आणि आत काहीतरी कडकन तुटलं. ग्रामोफोनची स्प्रिंग गेली होती. नेमकी त्याच दिवशी.

"काय झालं?" चाचींनी विचारलं.

"काही नाही. हातानं फिरवतो," मी म्हणालो.

सुई ठेवून मी बोटानं तबकडी फिरवायला लागलो. क्लॅरिनेट आधी म्हशीसारखं हंबरलं, मग चिमणीसारखं चिवचिवलं. चाची खो खो हसल्या. "बीएसाहेब, हे आमचे न्हायत. हे कुणीतरी शिंदी पिऊन आलंय."

मलाही हसू आलं आणि त्याच वेळी ओढ्यातला ट्रक आठवला. मी हात थांबवला.

चाची खिडकीकडे बघत राहिल्या. "फिरवा की," त्या म्हणाल्या. "ते लांब जाऊन परत येतात, तेवढं तरी येऊ द्या."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठावं न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "अंग गेलं त्या साली मी यांना दाराबाहेर जाऊ देईना. नजरेआड झाले की जीव घाबरायचा. आता घरात पाणी तर पाहिजे का न्हाय? मग हे म्हणाले, म्या वाजवत जातो. ऐकू येतंय तवर म्या हायच. बारीक झालं की समज विहिरीपाशी पोचलो, मोठं झालं की आलोच. पाणी भरायला पोरगं लावलं, पण यांचं वाजवत जाणं काय सुटलं न्हाय. मुंबईला गेले, तिथं पन चाललेच. वेडं मानूस."

मी पुन्हा तबकडीवर बोट ठेवलं. आता ते हसवणारं हंबरणंही मला नीट काढता येईना. चाचींना ट्रकचं कोण सांगणार? मी? की किसन?

"थांबा!" चाची एकदम म्हणाल्या. "हात काढा."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. गल्लीत शेळ्या परतत होत्या, कुणाच्या तरी दारात भांडी वाजत होती.

"आले," चाची म्हणाल्या.

मग मलाही ऐकू आलं. पार एसटी स्टँडच्या पलीकडून, धाग्याएवढा बारीक सूर. तो तुटत होता, थांबत होता, पुन्हा निघत होता. मी दाराकडे धावलो. आई आधीच रस्त्यात उभी होती, दोन्ही हात जोडून.

"धावू नका," आतून चाची म्हणाल्या, "त्यांचा पाय दुखावलाय. ताल लंगडतोय."

लंगडतच होते. धोतराला चिखल, टोपी नाही, मागे लक्ष्मण आणि दोघांच्याही मागे सायकल ढकलत, डोळे पुसत किसन. ट्रक ओढ्यात कलंडला होता खरा, पण ताशा सोडला तर कुणाचा जीव गेला नव्हता. बैलगाडीनं त्यांना गावाच्या शिवेपर्यंत आणलं होतं. शिवेवर मास्तर हट्टानं खाली उतरले होते.

"गाडीत बसून आला असता तर?" आई ओरडलीच.

"गाडीत वाजत न्हाय की, वहिनी," मास्तर म्हणाले. "बातमी आमच्या फुडं पळाली असंल, म्हनून लांबूनच सुरू केलं."

एवढं बोलून त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा ओठाला लावलं, कारण भजन संपलेलं नव्हतं. सवयीनं पाय विहिरीकडे वळले.

"वळा म्हणावं!" आतून आवाज आला. "आज विहिरीपर्यंत जायचं न्हाय!"

मास्तर थबकले. आत आले. खाटेशेजारी जमिनीवर दुखरा पाय पसरून बसले आणि बसल्या बसल्या उरलेलं भजन वाजवायला लागले. सूर दोनदा घसरला, एकदा बंदच पडला. पण शेवटपर्यंत तो त्या खाटेपासून हलला नाही.

"बसून काय जमत न्हाय तुम्हाला," चाची म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून ठेवली होती.