सिरिलच्या बोटातलं गुप्तधन

जमिनीखाली काय दडलंय हे देवाखालोखाल आपल्यालाच कळतं, असं सिरिल थ्रॉवर छातीठोकपणे सांगायचा. बत्तीस वर्षं ड्रेनेज खात्यात काढलेला माणूस! "माती माझ्याशी बोलते," असं तो धातूशोधक यंत्रवाल्यांच्या मंडळात, चहाचा मग हातात धरून, नव्या सभासदांना ऐकवायचा. बोलत असेलही. पण गेली अकरा वर्षं ती त्याच्याशी फक्त बाटल्यांची बुचं, रिकामी काडतुसं आणि ट्रॅक्टरचे गंजके नटबोल्ट याच विषयांवर बोलत होती.

मुळात हा नाद लागला तो लग्नाच्या अंगठीपायी. अकरा वर्षांपूर्वी ऐन नोव्हेंबरात सिरिल लार्टर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात शुगरबीट काढायला मदतीला गेला आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो तर अनामिका रिकामी! त्याची बायको बेरिल यावर काही बोलली नाही. बेरिल बोलली नाही की सिरिलला जास्त भीती वाटायची. दुसऱ्याच आठवड्यात त्याने धातू शोधायचं यंत्र आणलं, लार्टरची लेखी परवानगी काढली आणि दारात उभं राहून शपथ घेतली, "बेरिल, अंगठी शोधल्याशिवाय राहणार नाही!"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी चार तो कानाला हेडफोन लावून त्या रानात येरझाऱ्या घालत होता. वरून इंग्लंडातल्या नॉरफॉकचं करडं आभाळ, खालून चिकणमाती, मध्ये सिरिल. बेरिल न चुकता सँडविचं बांधून द्यायची. काकडीचे काप कागदासारखे पातळ, कडा काढलेल्या, अगदी मन लावून! दोघांमधला जिव्हाळा आता तेवढ्या डब्यापुरताच उरलाय, असं सिरिलला वाटायचं आणि रानात एकटं असताना त्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

अशाच एका फेब्रुवारीतल्या रविवारी, बोटं गारठून लाकूड झालेली असताना, यंत्र किंचाळलं. सिरिलने वीतभर खणलं. आणखी चार बोटं खणलं. मातीच्या ढेकळातून पिवळं काहीतरी चमकलं.

अंगठी! सोन्याची! "सापडली गं बेरिल!" असं तो समोरच्या मेंढीला म्हणाला. मग थुंकी लावून पुसली, तर ती आपली नव्हे. बारीक, जुनी, वरून फुलांची नक्षी. पाचसहाशे वर्षांपूर्वीची तरी नक्कीच असणार. मंडळातल्या प्रत्येकाने आयुष्यभर जिची वाट पाहिली ती वस्तू सिरिलच्या तळहातावर होती.

आता नियम काय, हे सिरिल झोपेतसुद्धा सांगू शकला असता. नव्या सभासदांना तोच तर शिकवायचा! सापडलेली वस्तू पुसायची नाही, धुवायची नाही. चौदा दिवसांच्या आत, जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या परगण्याच्या नोंदणीबाईंकडे न्यायची, मग ते प्रकरण कॉरोनरकडे जातं. मेलेल्या माणसांची चौकशी करणारा कॉरोनरच तिथे पुरलेल्या धनाचीही चौकशी करतो. धन राजाचं, शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला त्याचं बक्षीस. लपवलं तर तुरुंग. आणि मुख्य म्हणजे, काहीही झालं तरी अंगावर घालून बघायचं नाही!

सिरिलने ती घालून बघितली.

अकरा वर्षं उघडं पडलेलं बोट होतं हो! ती गारठलेल्या अनामिकेत सुळकन गेली. सिरिलने हात लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, गाडीत बसून हीटर लावून पाहिला. आणि हीटरने बोट जे फुगलं, ते घर येईपर्यंत अंगठी तसूभर हलेना.

स्वयंपाकघरात साबण लावून ओढावी आणि मग बेरिलला सगळं सांगावं, असा त्याचा बेत होता. पण बेरिल स्वयंपाकघरातच होती. रेडिओ लावून, पाय खुर्चीवर टाकून, बिस्किटं खात.

"इतक्या लवकर?" ती दचकून म्हणाली. मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सिरिल... हे काय?"

"अंगठी," सिरिल म्हणाला. ते खरंच होतं.

"सापडली?"

"रानात." हेही खरंच होतं.

बेरिलने रेडिओ बंद केला आणि ती हमसाहमशी रडायला लागली. चौतीस वर्षांच्या संसारात सिरिलने तिला फक्त कांदा चिरतानाच रडताना पाहिलं होतं. आपण किती दुःख दिलं या बाईला, असं वाटून त्याने तिला आपला रुमाल दिला. आता हिला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाई, ही आपली नव्हे, दुसऱ्याच कुणा बाईची आहे आणि तीही मेलेली?

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

सोमवारी बेरिलने मांस भरलेली पेस्ट्री केली. मंगळवारी ती दोनदा त्याच्याकडे बघून उसासली. बुधवारी, "मग आता ते यंत्र विकणार असशील?" असं तिने खालच्या आवाजात विचारलं.

"विकायलाच हवं," सिरिल म्हणाला. "आता काय शोधायचं राहिलंय?"

बेरिल उठून बागेत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आनंद मावत नाही बिचारीला, असं सिरिलला वाटलं. इकडे बोट फुगून सॉसेजसारखं झालं होतं. साबण झाला, लोणी झालं, सायकलचं तेल झालं. सिरिल न्हाणीघरात अर्धा अर्धा तास कोंडून घ्यायचा आणि दात-ओठ खाऊन ओढायचा. बाहेरून बेरिल विचारायची, "पोट बिघडलंय का रे?"

मग रविवार आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सिरिल रविवारी घरी! बायकोला सोबत द्यायची या निश्चयाने तो सकाळी नऊ वाजताच तिच्या खुर्चीसमोर येऊन बसला. त्याने पेपर मोठ्याने वाचून दाखवला. ग्रेव्ही दाट झाल्याचं लक्षात आणून दिलं. रेडिओवर गाणं लागलं तेव्हा १९९१ साली बाजारपेठेखालची मुख्य गटारवाहिनी कशी तुंबली होती ते पहिल्यापासून सांगितलं. साडेअकराला बेरिल म्हणाली, "चर्चमध्ये घंटा वाजवायला माणसं हवी आहेत म्हणे."

"मी कशाला जाऊ? तू एकटी पडशील."

"बोलिंगचा क्लब आहे. मासेमारी आहे. सिरिल, तुला नदी आवडत नाही का रे?"

"मला घर आवडतं," सिरिल प्रेमाने म्हणाला. बेरिलने डोळे मिटून घेतले.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, बोट निळं पडलं. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे बोट आणि मध्ये बेरिलचं मन! तिला दुखवायचं नव्हतं. पण लार्टरचाही त्या बक्षिसात निम्मा वाटा होता आणि सिरिल आयुष्यात कधी चोर नव्हता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो नोंदणीबाईंच्या कचेरीत गेला. मिस फिलिपा गेज ही तरुण, उत्साही बाई होती.

"गुप्तधन जाहीर करायचंय," सिरिल पडेल आवाजात म्हणाला.

"वा! आणलंय?"

सिरिलने हात टेबलावर ठेवला. फिलिपाने भिंग लावलं आणि तिचा श्वासच अडकला. "थ्रॉवरसाहेब, पंधराव्या शतकातली! अप्रतिम! काढा ना."

"तोच तर घोटाळा आहे."

"घालून बघितलीत?" फिलिपा ताडकन उभी राहिली. "तुम्ही? नियमांचं पत्रक तुम्हीच वाटता ना मंडळात?"

फिलिपाने फॉर्म ओढला. "वस्तू सध्या कुठे ठेवली आहे" या रकान्यापाशी तिची लेखणी थांबली. मग तिने लिहिलं, "शोधणाऱ्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेत."

"मग बोटही जमा करावं लागेल का?" सिरिलने विचारलं. त्याला विनोद करायचा नव्हता.

फिलिपाने त्याला स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथली नर्स धिप्पाड होती. तिने बोट पाहिलं आणि खणातून अंगठी कापायचा चिमटा काढला. "डोळे मिटा काका. एक क्षणाचं काम."

"थांबा!" फिलिपा मध्ये पडली. "सहाशे वर्षांपूर्वीची वस्तू आहे ही!"

"आणि हे काका त्रेसष्ट वर्षांचे आहेत! बोट कुणाचं आहे?"

"बोट यांचं. अंगठी राजाची! कॉरोनरचा निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही!"

"मग राजाला बोलवा इथे बोट धरायला!"

बोटाच्या मालकाला कुणीच काही विचारलं नाही. नर्सने फक्त घरचा नंबर तेवढा विचारला आणि सिरिल नको नको म्हणेपर्यंत फोन लागलासुद्धा. संपलं सगळं, असं वाटून तो भिंतीकडे तोंड करून बसला. बेरिलचं ते रडणं, ती पेस्ट्री, ते उसासे, सगळं आता मातीत जाणार होतं.

वीस मिनिटांत बेरिल आली. अंगात पावसाळी कोट, हातात मोठी पर्स. तिने बोट पाहिलं, चिमटा पाहिला, फिलिपाचं भिंग पाहिलं.

"सगळ्यांनी बाजूला व्हा," ती म्हणाली. पर्समधून शिवणाचा दोरा काढला, एक टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटाभोवती पेरापर्यंत घट्ट गुंडाळला आणि खालचं टोक धरून उलगडायला लागली. अंगठी वळसे घेत घेत वर आली आणि टप्पदिशी तिच्या तळहातात पडली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत!

"तुला येत होतं हे?" सिरिल ओरडलाच. "मग बारा दिवस बोलली का नाहीस?"

"अडकलीय असं तू कुठे बोललास? सापडलीय असं म्हणालास."

फिलिपा तोवर अंगठीच्या आत भिंग लावून बघत होती. "आत जुन्या फ्रेंचमध्ये कोरलंय! 'तुझ्यावाचून एक दिवसही नको.'"

"एक दिवसही?" बेरिल म्हणाली. "बाई गं! मग तिनेच भिरकावली असणार शेतात."

नर्स खो खो हसली. सिरिल हसला नाही. तो बोट चोळत म्हणाला, "बेरिल, ती आपली अंगठी नाही. मी तुला फसवलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दारातून आत आलास तेव्हापासून."

"पण इतक्या लांबून कसं ओळखलंस?"

बेरिलने पर्समधून पेपरमिंटची छोटी डबी काढली. डबीत कापूस होता. कापसात सिरिलच्या लग्नाची अंगठी होती.

फिलिपा आणि नर्स, दोघी एकदमच फॉर्म भरायला लागल्या.

"तुझ्या लोकरीच्या मोज्यात होती," बेरिल म्हणाली. "हातमोज्याच्या बोटात. ओढून काढलास तेव्हा आतच राहिली. तू यंत्र घेऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्याच रविवारी मोजे धुवायला घेतले तर मिळाली. तुला हाक मारायला दारापर्यंत गेले. मग परत आले. घर इतकं शांत होतं रे सिरिल! म्हटलं, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी म्हटलं, पुढच्या रविवारी."

"अकरा वर्षं?"

"तू तरी बारा दिवस उद्या-उद्याच करत होतास ना?"

सिरिलने मनातल्या मनात ते सगळे रविवार आठवून पाहिले. तो गारठा, ते चिखलाचे बूट, ती बुचं! "आणि ती सँडविचं? मला वाटायचं तू मायेने करतेस."

"मायेनेच करायचे. तू जाणार म्हटलं की माया यायची."

"मग त्या दिवशी रडलीस कशाला?"

"वाटलं, हा थकला, हरला बिचारा. कुठून तरी दुसरी अंगठी आणून मला गप्प करतोय. त्याचं रडू आलं." बेरिलने नाक पुसलं. "मग लक्षात आलं की आता तू रविवारी घरी असणार. मग जास्तच आलं."

"मी इतका वाईट आहे का गं?"

"वाईट नाहीस रे," बेरिल म्हणाली आणि तिने त्याचा सुजका हात हातात घेतला. "बोलका आहेस."

तिने त्याची अंगठी त्याच्या बोटात घालून पाहिली. सूज तर होतीच, पण अकरा वर्षांत बोटही जाड झालं होतं. ती पहिल्या पेरापाशीच अडली. बेरिलने ती परत कापसात गुंडाळून डबीत ठेवली आणि फिलिपाने राजाची अंगठी पाकिटात घालून मोहोरबंद केली. आयुष्यातलं पहिलं गुप्तधन जाहीर करून सिरिल रिकाम्या बोटाने घरी आला.

रविवारी सकाळी दाराशी यंत्र पुसून ठेवलेलं होतं. शेजारी सँडविचचा डबा.

"लार्टरने खालचं रान नांगरलंय," बेरिल म्हणाली. मग जरा घुटमळून म्हणाली, "हे बघ, चार नको. तीनला आलास तरी चालेल."

एक तासाची सूट! अकरा वर्षांत पहिल्यांदाच! सिरिलला भरून आलं. पण एकच्या सुमारास पाऊस धरला, यंत्र भिजून गप्प झालं, हाती आलं एक बूच, आणि अडीचच्या आतच त्याची गाडी घरासमोर येऊन उभी राहिली. आत स्वयंपाकघरात दिवा होता. बेरिल पाय खुर्चीवर टाकून बिस्किटं खात होती, रेडिओ ऐकत होती, एकटीच हसत होती. सिरिल काचेवरचं पाणी पुसून पुसून तिच्याकडे बघत बसला. गाडीत थंडी मी म्हणत होती.

बऱ्याच वेळाने बेरिलचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. तिने गाडी पाहिली, गाडीतला सिरिल पाहिला, मग वळून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीन वाजायला अजून थोडी मिनिटं होती.

आणि सात बोटं दाखवली.