एक फलक आणि सात खिडक्या

रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात रुग्णांना बोलावण्यासाठी एक फलक होता आणि सात विभागांच्या खिडक्या एकाच जोडणीवरून त्यावर मजकूर पाठवीत. सोमवारी अकरा वाजता नेत्रविभागाने लिहिलं, ‘क्रमांक बेचाळीस, डोळे तपासणे.’ नेमकं त्याच क्षणी शल्यविभागाने लिहिलं, ‘क्रमांक सतरा, टाके काढणे.’ फलकावर उमटलं, ‘क्रमांक सतरा, टाके तपासणे’ आणि ‘क्रमांक बेचाळीस, डोळे काढणे.’

बेचाळीस क्रमांकाचे निवृत्त पोस्टमन चष्मा तिथेच टाकून पळाले. सतरा क्रमांकाच्या शिंपीणबाईंचे टाके तपासून, ‘उत्तम’ असा शेरा देऊन त्यांना टाक्यांसकट घरी धाडण्यात आलं.

प्रोग्रामरबाईंनी दुपारपर्यंत दोष शोधला आणि अधीक्षकांना गाठलं. “साहेब, सगळे एकदम लिहितात, म्हणून खिचडी होते. प्रोग्रामात एक कुलूप घालते. किल्ली एकच, ती ज्याच्या हाती, त्यानेच लिहायचं. चार ओळींचं काम आहे.”

“आणि बाकीच्यांनी?”

“थांबायचं. पापणी लवायच्या आत नंबर लागतो.”

“थांबायचं?” अधीक्षक गंभीर झाले. “मग बैठक घ्यावी लागेल.”

बैठकीत नेत्रप्रमुखांनी विचारलं, “आम्ही टाक्यांसाठी थांबायचं?” शल्यप्रमुखांनी आपली सेवाज्येष्ठता काढली. मग सातही जण एकदम बोलू लागले. लेखनिकाने कानावर पडेल तसं टिपलं, आणि ‘नेत्रविभागाने एकमताने दात काढले’ अशी इतिवृत्तात नोंद झाली. ती मंजूरही झाली.

अखेर अधीक्षकांनी तोडगा काढला. कोणाचाही मान दुखावू नये म्हणून प्रत्येक विभागाला स्वतंत्र कुलूप आणि स्वतंत्र किल्ली.

“साहेब, सात किल्ल्या म्हणजे सातही जण पुन्हा एकदम लिहिणार,” बाई काकुळतीला आल्या.

“कुलूप लागेल की नाही?”

“सात लागतील.”

“तुम्ही तर एकच मागत होतात!”

सात कुलपं लागली. फलक पूर्ववत बरळू लागला. त्यावर परिपत्रक निघालं: ‘फलकावरील मजकूर रुग्णांनी आपापल्या आजारास अनुसरून वाचावा.’

आठवड्याने पोस्टमनची बायको बाईंपुढे येऊन उभी राहिली. “ह्यांना आता भिंतसुद्धा दिसत नाही हो. पण इथलं नाव काढलं की खाटेखाली शिरतात.”

त्या दिवशी बाईंनी कोणाला न विचारता सातही कुलपं काढली आणि एकच घातलं. फलक शुद्धीवर आला. बायकोने हाताला धरून आणलेल्या पोस्टमनचे डोळे तपासले गेले, आणि ते जागच्या जागी राहिले.

चौथ्या दिवशी बाईंना नोटीस मिळाली. विनापरवाना सुधारणा केल्याबद्दल. सोबत रुग्णांची तक्रार जोडली होती: ‘पूर्वी फलकावर कोणाचाही क्रमांक कशालाही जुळत असे, त्यामुळे प्रत्येकाला आत घुसता येई. आता दुसऱ्याचा नंबर संपेपर्यंत थांबावं लागतं. हा अन्याय आहे.’

त्याच संध्याकाळी एक कुलूप निघालं आणि सात परत आली.

बाईंनी तक्रारीखालच्या सह्या निरखल्या. सगळ्यांनी एकदम, एकाच जागेवर केलेल्या. शाईचा नुसता गोळा. प्रतीक्षागृहात जाऊन त्यांनी विचारलं, तेव्हा “मी नाही केली सही,” असा एकच गलका उठला.

तुमचीही त्यात नसेलच. तसं जरूर सांगा, फक्त एकेकाने.